नानांच्या विहिरीचं पाणी

आमचं मूळ गाव सुरगाण्याकडं, डोंगरात. बाप नागली पिकवायचा. मी चार बुकं शिकलो म्हणून भूजलाच्या हापिसात लागलो, आणि लग्नानंतर इकडं लासलगावच्या बाजूला सासुरवाडीलाच राहिलो. काम काय, तर ठरवून दिलेल्या विहिरींचं पाणी मोजायचं. टेपला खडू लावून आत सोडायचा, खडू भिजला तिथपर्यंत पाणी. तो आकडा वर पाठवायचा. आमच्या गावची मोजायची विहीर होती नानांची, द्राक्षबागेतली.

आता काय सांगू तुम्हाला, ती विहीर कवाच आटली होती. नाना बोअरचं पाणी पाइपनं तिच्यात सोडायचे आणि तिथून मोटारीनं बागेला घ्यायचे. इकडं सगळेच तसं करतात, त्यात लपवण्यासारखं काय नाय. पण मला नियम माहीत होता. अशी विहीर मोजायची नाय, तिच्यात दिसतं ते ओतलेलं पाणी, जमिनीतलं नव्हे; वर कळवून दुसरी धरायची. दुसरी धरायची म्हणजे कागद, सह्या, हेलपाटे. नाना म्हणायचे, बस रे, चहा घे, पाणी दिसतंय ना, लिही. मी लिहायचो. एकदा नाय, नोकरी संपेपर्यंत.

कागदावर गावाला पाणीच पाणी. नवीन बोअर पडत राहिले. वरच्या वस्तीची प्यायची विहीर कोरडी पडली, टँकरचा अर्ज गेला, तर उत्तर आलं, तुमच्या गावात पाणी चांगलं हाय. वस्तीवरची सखूबाई मला रस्त्यात धरून म्हणाली, साहेब, ते कागदावरचं पाणी भरायला हंडा न्यायचा कुठं? तिच्यासोबतच्या बाया हसल्या. मीबी हसलो. ते हसणं मला पुढं लय सललं.

यंदा ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायला घेतला. माझेच जुने आकडे वाचून दाखवले आणि ग्रामसेवक म्हणाले, पाणी शिल्लक दिसतंय, नवीन बोअरना हरकत नाय. तवा मी उठलो. म्हणालो, ते आकडे खोटे हायेत, मी लिहिलेत, ते पाणी बोअरचं होतं. नाना आता नाय, त्यांचा पोरगा उठला. म्हणाला, आबा, आमचा चहा गोड लागत होता तवा नाय बोललात. खरं होतं त्याचं.

सभेनं नवीन बोअर थांबवले, दुसऱ्या विहिरी मोजायचं ठरवलं. टँकरच्या अर्जाला माझा लेखी जबाब जोडलाय, त्यावर अजून काय उत्तर नाय. खालचं पाणी असं सभेनं ठरवून वर येत नसतं, हे मला कुणी शिकवायला नको.

सखूबाई रोज खालनं हंडा भरून माझ्या दारावरून वस्तीवर नेते, म्हातारी झालीय आता. परवा थांबली, म्हणाली, सांगितलं ते बरं केलं आबा, पण डोक्यावरचं ओझं हाय तेवढंच हाय. मग म्हणाली, ऊन लय हाय, घोटभर पाणी देऊ का? तहान लागली होती. मी नको म्हणालो. देव तिचं भलं करो, तिच्या हंड्यातलं मागायला मला तोंड नाय.