मॅडम येणार म्हणून

हसू नका, पण त्या सकाळी मी सारखा आभाळाकडे बघत होतो. इंद्रलोक वसाहतीमागचं मिठागर पक्ष्यांसाठी राखीव व्हावं म्हणून मीच अर्ज केलेला, आणि पाहणीला वनखात्याच्या मॅडम आलेल्या. एरवी तिथे फ्लेमिंगोंची जत्रा. त्या दिवशी एक पीसही नाही!

"येतीलच आता," मी तिसऱ्यांदा म्हणालो. मॅडमनी घड्याळ बघितलं.

तेवढ्यात मिठागराचे राखणदार पांडूकाका पत्र्याचा डबा घेऊन घामाघूम येताना दिसले.

"काका, पक्षी कुठायत?"

"हाकलले! उजाडल्यापासून डबा वाजवतोय. मॅडम येनार आन् सगलीकडं घान? आता बघ, एक पन न्हाय!"

मॅडमनी फॉर्मवर पक्ष्यांच्या रकान्यात शून्य लिहिलं. काका वाकून बघत म्हणाले, "साफ हाय म्हनून लिवलंत ना?"