पक्का धरलेला खडक

अरे, त्या दुपारी खाणीत मी लई घाबरलो होतो. कडा जरासा सरकला तरी कळावं म्हणून आम्ही समोर रडार लावलेलं. पण ऊन तापलं की हवेमुळं आकडे चुकतात. म्हणून एक न हलणारा खडक पक्का धरायचा आणि त्याचा आकडा जेवढा हलेल तेवढा वजा करून बाकीचे आकडे दुरुस्त करायचे. त्या दिवशी दुरुस्ती केली, तर अख्खा कडा मागं सरकताना दिसला.

पोकलेन चालवणारे रशीदचाचा पडद्याकडं बघून म्हणाले, "साहेब, डोंगर मागं कसा जाईल? तुमचा पक्का खडकच पुढं येतोय की!"

त्याच खडकाच्या सावलीत आमची माणसं जेवत होती. मी ओरडत सुटलो. सगळे डबे टाकून पळाले. घटकाभरातच तो खडक डब्यांवर येऊन बसला.