चार वर्षांच्या विशूची बाबागाडी

मंडळी, पेटी जरा थांबवा. मृदंगही राहू द्या बाजूला. आज उत्तररंगाला मी राजाची, राक्षसाची कथा घेणार नाही. त्या तुम्हाला पाठ आहेत, आणि पाठ आहेत म्हणूनच तुम्ही त्यात झोपता. मघाशी तिसऱ्या रांगेत दोघं घोरत होते, मी पाहिलं. झोपा बापडे, पण कान उघडे ठेवा.

एक प्रश्न विचारतो. आपलं लेकरू जसं आहे तसं कबूल न करता त्याच्यावर माया करता येते का? थांबा, लगेच माना डोलवू नका. मान डोलवायला काही लागत नाही. गोष्ट ऐका आणि मग सांगा.

तासगावात सुतारांची एक गल्ली. तिथं ज्ञानू मिस्त्री म्हणून एक म्हातारा, सगळे त्याला आप्पा म्हणायचे. हा माणूस पांगुळगाडे करायचा. हल्लीच्या पोरांना ठाऊक नसेल – तीन चाकांचा लाकडी गाडा, वर धरायला दांडी. वर्षाचं पोर दांडी धरून उभं राहतं, ढकलतं, गाडा पुढं जातो आणि गाड्यामागं पोर. अर्धं तासगाव आप्पाच्या लाकडाला धरून चालायला शिकलं. आणि त्या माणसाला त्याची ऐट होती. असावी की. हातात कला आहे, तर ऐट असावी.

त्याची सून शर्मिला. गोष्ट तिची आहे. नवरा प्रमोद कारखान्यात पहिल्या पाळीला, सासू वारलेली, घरात हे तिघं आणि शर्मिलाचा लेक विश्वजीत. विशू. जन्मला तेव्हा रडायला वेळ लागला त्याला. डॉक्टरांनी उलटा धरला, पाठीवर थापट्या मारल्या, मग रडला. घरच्यांना वाटलं, सुटलो.

वर्षाचा झाला. आप्पानं नातवासाठी गाडा केला – लाल चाकं, हिरवी दांडी, दांडीला झेंडूची माळ. गल्ली गोळा केली. पोराला उभं केलं, हात दांडीवर ठेवले आणि सोडलं. पोर खाली बसलं. परत उभं केलं, परत बसलं. कुणीतरी म्हणालं, "उशिरा चालतात काही काही." झालं. दुसऱ्या वर्षी आप्पानं दुसरा गाडा केला, जड लाकडाचा, घसरू नये म्हणून. तिसऱ्या वर्षी तिसरा. त्याला मागून आडवी पट्टी लावली आणि पोराला पंच्यानं कमरेशी बांधलं. ते लेकरू त्यात कसं दिसत होतं सांगू? वलणीवर ओलं धोतर टाकतात ना, तसं.

आणि बायांनो, आता जरा तुमच्याकडं वळतो. शर्मिला हळदीकुंकवाला गेली की कुंकू लावता लावता प्रश्न. "अजून पाऊल टाकलं नाही का गं?" शेजारच्या सुभद्राकाकू तर एक पायरी पुढं. "गरोदरपणी ग्रहण पाळलं नव्हतंस का? सुरीला हात लावला असशील." म्हणजे पोराच्या पायाला काय झालं ते कुणाला ठाऊक नाही, पण कुणामुळं झालं ते अख्ख्या गल्लीला ठाऊक! असलं ज्ञान कुठं मिळतं हो? मला तर इतकी वर्षं पोथ्या चाळून नाही मिळालं.

शर्मिलानं शेवटी काय केलं – हळदीकुंकू सोडलं. बाजार सोडला. माहेरच्या लग्नाला गेली नाही. फक्त आठवड्यातनं तीनदा सांगलीला जायची. तिथं एक मॅडम अशा पोरांकडून व्यायाम करून घेत. तासगावाहून एसटी, स्टँडवरून पायी, आणि चार वर्षांचं पोर कडेवर. पाय ताठ, कात्रीसारखे एकात एक अडकलेले. तिची कंबर गेली.

मॅडमनी स्पष्ट सांगितलं. "जन्मताना मेंदूला इजा झालीय. ग्रहणाचा काही संबंध नाही."

शर्मिलानं विचारलं, "चालेल का हो?"

"ते मला आज सांगता येणार नाही. पण कसा बसायला पाहिजे ते आजच सांगते. याला गाडी घ्या. याच्या मापाची. कंबर मागं टेकली पाहिजे, पाठ सरळ, छातीला पट्टा, आणि पाय लोंबता कामा नयेत, पावलं फळीवर सपाट. तान्ह्या बाळाची झोपायची गाडी आणू नका. त्यात हा गोळा होईल. असंच वाकडं बसणं चालू राहिलं तर खुबा सांध्यातून निसटेल, आणि मग कापाकापीशिवाय मार्ग नाही. वर्षभर वाट बघायला वेळ नाही आपल्याकडं."

ऐकलंत? काय पणाला लागलंय ते समजलं? पोराचा खुबा, पोराची पाठ. दोन्ही हाताबाहेर जायच्या बेतात आहेत.

घरी येऊन तिनं आप्पाला सांगितलं. आप्पा रंधा मारत होता, त्यानं मान वर केली नाही. "गाडीत बसवलंस की बसलाच तो कायमचा. माझ्या घरचं पोर लोकांसमोर ढकलत न्यायचं? मी चौथा गाडा करतोय. यंदा चालतोय बघ."

म्हातारा वाईट नव्हता, मंडळी. वाईट असता तर गोष्ट सोपी होती.

मग ती एकटीच गेली सांगलीला, लेकराला म्हाताऱ्यापाशी ठेवून. बाळांच्या वस्तूंचं मोठं दुकान. काचेच्या दारामागं बाबागाड्यांची रांग – दुमडणाऱ्या, छत्रीवाल्या, जाळीवाल्या. विकणारी मुलगी मोठी हौशी. "ताई, ही एका हातानं मिटते. ही बघा, हिला तुमच्या चहाचा कप ठेवायला पण जागा आहे." होती खरी. चहाच्या कपाला जागा होती.

मग त्या मुलीनं सहज विचारलं, "बाळ किती महिन्यांचं आहे?"

शर्मिलाच्या ओठांवर आलं होतं – चार वर्षांचा आहे, चालत नाही, पाठ धरत नाही, मला असलं काही दाखवा. पण शेजारी दोन बायका झबली निवडत होत्या. त्यांनी माना वळवल्या. आणि शर्मिला म्हणाली, "अकरा."

"अरे वा. मग ही घ्या. पंधरा किलोपर्यंत आरामात चालते."

विशू तेरा किलोचा होता. गाडीनं वजन पेललं असतं हो. वजनाचा प्रश्नच नव्हता.

तिनं तीच गाडी घेतली आणि आप्पाला दिसू नये म्हणून मागच्या बोळात गोणपाटाखाली ठेवली. पुढं तिनं जे केलं ते सांगताना मला जड जातं. चार वर्षांच्या पोराला तिनं टोपरं घातलं. बाळाचं टोपरं, बंदाचं. पाय दुमडून शालीखाली दाबले. वरून मच्छरदाणीची जाळी ओढली. आणि गल्लीत कुणी बघू नये म्हणून मागच्या बोळानं बाहेर पडली. सांगलीत गेल्यावर काय, तिला कोण ओळखतंय? कुणी वाकून बघितलं तर, "किती महिन्यांचं?" "अकरा." "गोड आहे हो." बस. ग्रहण नाही, सुरी नाही. मंडईतून ती मान वर करून फिरली. तीन वर्षांत पहिल्यांदा भाजी निवडून घेतली तिनं. तिला बरं वाटत होतं, मी खोटं कशाला सांगू. व्यायामाला गेली की गाडी जिन्याखाली ठेवायची आणि पोराला कडेवर वर न्यायची. मॅडमना गाडी दिसलीच नाही.

दोन महिने असं चाललं. पोर गाडीत रोज थोडं जास्त वाकत होतं. उजवा गुडघा आत वळायला लागला. आंघोळ घालताना तिला दिसायचं, आणि ती टॉवेल लवकर गुंडाळायची.

एक दिवस मंडईच्या तोंडाशी एक म्हातारी थांबली. जाळी वर केली, वाकली. विशूचे डोळे मिटलेले, अंगठा तोंडात. म्हातारी म्हणाली, "किती शांत गं बाळ. दृष्ट काढत जा याची." आणि गेली पुढं.

जाळीतून आवाज आला. विशू बोलायचा, पण एकेक शब्द ओढून बोलावा लागायचा त्याला. "आई. गेली?"

"कोण रे?"

"आजी. गेली का?" अंगठा बाहेर आला. "मी बारका झालो न्हवं?"

शर्मिला गाडीसमोर उकिडवी बसली. "बारका कशाला रे व्हायचं?"

पोर म्हणालं, "तुला बारका पायजे."

मंडळी, त्या लेकराला झोप आली नव्हती. माणूस जवळ आलं की ते डोळे मिटायचं, अंगठा तोंडात घालायचं, मान टाकायचं. कुणी शिकवलं नव्हतं त्याला. आईला कशाची लाज वाटते ते त्याच्या ध्यानात आलं होतं, आणि तिची लाज झाकायला ते तान्हं होत होतं. पाय चालत नव्हते त्याचे. बाकी सगळं चालत होतं.

तिनं तिथंच टोपऱ्याचा बंद सोडला. जाळी काढून पिशवीत कोंबली. शाल काढली. पाय बाहेर आले, लांब, गाडीच्या खाली लोंबणारे, रस्त्याला टाचा घासणारे. लोक बघायला लागले. तिनं पोराच्या टाचांखाली आपली ओढणी बांधली आणि एसटी धरली. तासगावला उतरली ती मागच्या बोळानं गेली नाही. भर दुपारी गल्लीच्या तोंडातून आली.

सुभद्राकाकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या कशा गप्प बसतील? "अगंबाई, हे काय गं? एवढं घोडं बारक्याच्या गाडीत घातलंस?"

"व्हय काकू," शर्मिला म्हणाली. "चार वर्षं दोन महिन्यांचा आहे. दुकानात मी अकरा महिने सांगितलं. तुम्ही विचारता म्हणून खोटं बोलले. आता परत विचारा, परत खरं सांगते."

शर्मिलानं उत्तराची वाट बघितली नाही. गाडी सरळ आप्पाच्या सुतारकामाच्या खोलीत नेली. चौथा गाडा तयार होत आला होता, चाकं तेवढी बसवायची राहिली होती.

आप्पानं गाडी बघितली, पोर बघितलं. "शेवटी आणलीसच."

"चुकीची आणली, आप्पा. लपवायला आणली. तुम्ही उभं करून लपवलं, मी झोपवून लपवलं."

"मी लपवलं? मी तर अख्ख्या गल्लीसमोर –"

"गल्लीला चालणारा नातू दाखवायचा होता तुम्हाला. हा नव्हता दाखवायचा." तिचा आवाज चढला नव्हता. "आप्पा, चार गाडे केलेत. याचं माप कधी घेतलंत?"

म्हाताऱ्यानं भिंतीकडं बघितलं. तिथं मापाचा फर्मा टांगलेला होता – पुठ्ठ्याचा, वर्षाच्या पोराच्या उंचीचा. चाळीस वर्षं तोच. चारही गाडे त्याच मापाचे. कमरेला बांधलेलं पोर तीन वर्षांचं, आणि दांडी वर्षाच्या पोराच्या हाताला येईल अशी!

"माप घ्या," ती म्हणाली. "चालायचं नंतर बघू. बसायचं माप घ्या. मॅडमनी सांगितलंय तसं मी सांगते, तुम्ही करा."

आप्पानं कानावरची पेन्सिल काढली. गुडघ्यावर बसला. कमरेपासून गुडघ्यापर्यंत फूटपट्टी लावली, गुडघ्यापासून टाचेपर्यंत लावली. विशू म्हणाला, "आप्पा, गुदगुल्या." आप्पानं परत मोजलं. मग तिसऱ्यांदा मोजलं. आणि सुनेकडं बघून विचारलं, "एवढा उंच झालाय हा? कधी?"

मंडळी, एकाच घरात राहत होते हो ते. एकाच ताटात जेवत होते.

गाडी झाली. बसायला शिसवाची खुर्ची, पाठ सरळ, दोन्ही बाजूंनी कुशनं, छातीला रुंद पट्टा, खाली पाय ठेवायला फळी, लहान सायकलची चाकं. प्रमोदनं सुट्टी काढून दांडीला हातब्रेक बसवला. सांगलीला नेली तर मॅडमनी पाहिलं, दाबून पाहिलं, म्हणाल्या, "फळी दोन बोटं वर घ्या, बाकी चांगली आहे." आप्पानं तिथंच स्क्रू काढला आणि फळी वर घेतली. दुकानात चांगल्या गाड्याही मिळतात हं, अशा पोरांसाठीच केलेल्या. ज्यांना जमेल त्यांनी त्या घ्याव्यात. लाकडाचा आग्रह नाही माझा. आग्रह आहे तो खरं वय सांगण्याचा.

आणि आता तुम्ही मनात विचारताय – शेवटी चालला का? मला ठाऊक होतं. कीर्तन म्हटलं की तुम्हाला चमत्कार पाहिजे. नाही चालला. आजही चालत नाही. खुबा जागेवर आहे, पाठ सरळ आहे. तान्ह्याच्या गाडीत त्याला आभाळ आणि पत्रे दिसायचे, आता माणसांची तोंडं दिसतात. शाळेत जातो. शेजारच्या पोरांशी भांडतो, आणि शिव्याही शिकलाय, आईच्या कपाळाला आठ्या पडतील इतक्या. पुरे नाही का एवढं?

तर मघाचा प्रश्न. आता उत्तर तुम्ही द्या. शर्मिला खोटं बोलली, खरं आहे. पण तिच्या तोंडात तो अकरा आकडा कुणी घातला? मान खाली घालू नका, माझ्याकडं बघा. पोर दिसलं की आपण विचारतो, दात आले का, चालतं का, बोलतं का, आमच्यापेक्षा पुढं का मागं. आपण लेकरं बघत नाही, मंडळी, आपण त्यांची शर्यत लावतो. आणि जे पोर शर्यतीत नाही, त्याच्या आईला घरात कोंडतो. वर देवळात येऊन विचारतो, हल्ली ती दिसत नाही हो.

कशी दिसेल? जरा मागं वळून बघा. या मंडपाला चार पायऱ्या आहेत. पायऱ्यांवर तुमच्या चपलांचा ढीग आहे. एक गाडी आत यायची तर कुठून येणार? मी इतकी वर्षं या गावात कीर्तनाला येतो, आजवर अशी एकही गाडी इथं पाहिली नाही. गावात तशी पोरं नाहीत म्हणता? आहेत. मी येताना तशी दोन घरं ओलांडून आलोय.

आरती होईल, प्रसाद होईल, घाई नाही. आधी पुढच्या रांगेतले चार जण उठा, चपला बाजूला करा. मंडपवाल्याकडं स्टेजची एक रुंद फळी उरली आहे, ती पायऱ्यांवर टाका आणि एक जण तिच्यावर उभा राहून बघा, हलते का. मग दोन बाया त्या दोन्ही घरी जा. काही विचारू नका. एवढंच म्हणा, "फळी लावलीय, या."

मी थांबतो. देवही थांबेल.