चिंधूभाऊ पाणकर झाला

चोराच्या हाती किल्ल्या देऊ नयेत म्हणतात ना? आमच्या गावानं दिल्या होत्या!

मी तेव्हा ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो. गावात धानाला तलावाचं पाणी पाळीपाळीनं मिळायचं. चिंधूभाऊ मात्र दुसऱ्याच्या पाळीत पाट फोडून आपली बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, भरून घ्यायचा. एकदा गावातल्याच शांताबाईंचं पाणी चोरताना तो सापडला.

गावसभेत मी ओरडलो, "पोलिसात द्या याले!"

शांताबाई उठल्या. "औंदा पाणकर यालेच करा."

पाणकर म्हणजे सगळ्या गावाचं पाणी वाटणारा माणूस!

मी म्हणालो, "बाई, हा माणूस अख्खा तलाव पिऊन टाकीन!"

"पिऊ दे. त्याच्यावर आजवर कोणी भरोसा केलाच कुठी?"

गावानं शेवटी बाईंचं ऐकलं. चिंधूभाऊची मान काही वर होईना.

त्या वर्षी धानाला लोंब्या फुटायच्या वेळीच पाऊस दडला. चिंधूभाऊ फावडं घेऊन पाटावरच बसायचा. त्याच्या स्वतःच्या बांधीला भेगा पडल्या, पण पाळीआधी त्यानं थेंब घेतला नाही. शांताबाईंचं शेत सगळ्यात शेवटी. एक दिवस त्या पाटावर आल्या.

"चिंधू, थोडंसं पाणी सोड ना बाबा. धान मरून राह्यलं."

"तुमची पाळी परवा आहे, बाई."

"मलेही नाई म्हणतं?"

"तुमीच तं मले इमानदार केलं. आता भोगा!"

बाईंना हसावं की रडावं कळेना. चिंधूभाऊनं फावडं उचललं आणि खाली बघत म्हणाला, "दुपारी माही पाळी आहे. ते पाणी घ्या तुमी."