प्रकाश तळमजल्यापर्यंत

...आणि वर इमारतीतले सगळे मलाच म्हणतात, "कानाए-चान, तू फार घाई करतेस हं!" घाई? मी? तुम्हाला सांगते, गॉलवेला शिकायला होते ना मी, तिकडे आयर्लंडात, तेव्हा पावसात घरमालकिणीचं इंटरनेट गेलं की मी तिच्या स्वयंपाकघरात बसून छाती पुढे काढून सांगायची, "आमच्या जपानात असलं काही नसतं बरं का! आमच्याकडे घराघरात प्रकाशाची तार! केसाएवढी काच, तिच्यातून प्रकाश धावतो, आणि आमच्या आयांना त्याचं काही अप्रूपसुद्धा नाही!" ती बिचारी चहा ढवळत "हो का गं?" म्हणायची. आणि मी परत आले मात्सुएला, आमच्या गावी, आईच्या फ्लॅटमध्ये बॅग टेकवली, लॅपटॉप उघडला, आणि पडद्यावर ते गोल गोल चक्र... फिरतंय... मी तळ्यातल्या शिंपल्यांचं सूप प्यायले, एकेक शिंपली कोरून खाल्ली, कवचं धुवून ठेवली... चक्र फिरतंयच!

ऐकू येतंय ना माझं? मागे? नाही, सवय झालीये हो. परवा तांदळाच्या दुकानात सुटे परत घेताना विचारलं, "ऐकू येतंय का?" दुकानदार म्हणाला, "मी काही बोललोच नाही."

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय इंटरनेट इंटरनेट? तर माझी शाळा आहे. हसू नका, आहे! आमच्याकडे काही मुलं असतात, शाळेत जात नाहीत. आजारी नसतात, आळशी तर मुळीच नसतात, फक्त सकाळी दप्तर भरतात, दारापर्यंत येतात आणि पाय पुढे पडत नाही. मग खोलीतच राहतात. महिनोन् महिने! अशा मुलांसाठी पडद्यावरची शाळा काढायची, रोज सकाळी, म्हणून तर मी तिकडची चांगली नोकरी नाकारून आले. आणि त्यात आमची युझुहा, अकरा वर्षांची, ओकीच्या बेटावर राहते. कॅमेरा बंद, आवाज बंद. नुसतं टाइप करायची, "हो", "नाही", "मांजर आलं". बास. पण रोज यायची! आणि गंमत बघा, तिच्या बेटावर, जिथे बोट वाऱ्यामुळे निघत नाही, तिथे गावाने घराघरात प्रकाशाची तार नेलीये. विद्यार्थिनीकडे प्रकाश, आणि शिक्षिकेकडे अंधार!

मग केला इंटरनेट कंपनीला फोन. तिकडचा तरुण फोनवरसुद्धा कमरेत वाकून बोलतो, ते आवाजावरून कळतं. "महोदया, आपल्या इमारतीत प्रकाश आलेला आहे." म्हटलं, मग माझ्या खोलीत का नाही? "इमारतीत आलेला आहे, महोदया. तळमजल्यावर, सायकलींच्या शेजारी राखाडी कपाट आहे, तिथपर्यंत. तिथून वर टेलिफोनची तार." कुठली तार? "इमारत बांधली तेव्हाची, महोदया." म्हणजे माझ्या जन्माआधीची! म्हणजे शिंकान्सेन, आमची बुलेट ट्रेन, स्टेशनात सुसाट आली (ती मात्सुएला येतच नाही, ते दुःख वेगळं) आणि पुढे घरी जायला तुमच्या हातात लहान मुलाची तीनचाकी! आणि त्या कपाटातला एकच प्रकाश सगळ्या बिऱ्हाडांनी वाटून घ्यायचा. सकाळी घरी कोण? सगळे निवृत्त! आमचे अध्यक्ष कात्सुबे-सान उठल्यापासून 'गो'चे सामने बघतात. अहो, त्या खेळात माणूस तासभर एक गोटी ठेवत नाही, त्याला कशाला हवंय इंटरनेट? भिंतीवर एक फोटो लावा आणि बघत बसा!

ऐकू येतंय ना?

मग म्हटलं, दुसरा प्रकार. आईकडे टीव्हीची केबल होती, तिच्यातूनही इंटरनेट येतं. घेतलं! पहिल्या दिवशी मी आनंदाने उडी मारली, सगळी मुलं स्वच्छ, ठळक दिसताहेत. मुलं म्हणाली, "सेन्सेई, तुम्ही दिसत नाही." केबलचं असं, घेताना घागर आणि देताना चमचा! टीव्हीसाठीच बनलेली ती, तिला वाटतं माणसाने बघत बसावं, बोलायचं कशाला? मुलांना माझा चेहरा मध्येच थिजलेला दिसायचा, तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. त्याचं त्यांनी स्टिकर बनवलं. आता कंटाळा आला की एकमेकांना मलाच पाठवतात.

मग तिसरा प्रकार, हवेतलं, मोबाइलसारखं! एक पांढरा डबा, भिंतीतल्या प्लगला लावायचा, तार नाही, कारागीर नाही. "खिडकीजवळ ठेवा," असं सांगितलं. ठेवला. चालेना. बाल्कनीत ठेवला, पळायला लागला! म्हणून मीही बाल्कनीत, अंगावर कोट, डोक्यावर छत्री (मात्सुएत पाऊस नसेल तर लोक आश्चर्याने वर बघतात), वरून आईचे ओले मोजे ठिबकताहेत, आणि मी अपूर्णांक शिकवतेय! आणि नेमक्या त्या दिवशी युझुहाचा आवाज सुरू झाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा! बारीकसा, "सेन्सेई... मी ना..."

आणि ऊन पडलं.

ऊन पडलं तर काय बिघडलं? अहो, शेजारच्या इतोगा-सान! ऊन दिसलं की त्यांची गादी बाल्कनीच्या कठड्यावर! जाडजूड, हिवाळी, दोन माणसांची! माझ्या डब्यासमोर धप्प! आणि चक्र... "ऐकू येतंय का? युझुहा? ऐकू येतंय का?" मी ओरडतेय, तिकडून इतोगा-सान गादी बडवत ओरडताहेत, "येतंय, येतंय, आज काय छान ऊन आहे ना!" डबा पुन्हा लागला तेव्हा युझुहा निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जे मूल एकदा शाळेतून गेलं, ते माझ्याकडूनही गेलं...

मग मी पेटले. इमारतीची वार्षिक सभा जवळ आली होती. म्हटलं, मांडते ठराव! प्रकाशाची तार कपाटापासून थेट प्रत्येक घरात! सभेच्या खोलीत सगळे चपला बदलून बसले, पुढ्यात मांजू, म्हणजे गोड सारणाचे उंडे, आणि चहाच्या बाटल्या, आणि मी उभी राहिले, तक्ते दाखवले, मुलांबद्दल बोलले. संपलं. कोणी विरोध करत नाही हो आमच्याकडे! कोणी नुसता श्वास आत ओढतो, "स्स्स..." कोणी म्हणतं, "विचार करण्यासारखं आहे." शेवटी इतोगा-सान हळूच म्हणाल्या, "म्हणजे कारागीर... घरात येणार?" म्हटलं, हो, अगदी थोडा वेळ. "आणि माझं कपड्यांचं कपाट हलवणार?" हलवेल. "अगं बाई. कपाटामागे काय आहे, ते मलाच ठाऊक नाही." आणि तुम्हाला सांगते, त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाला आपापल्या घरातलं कपाट आठवलं! ते मला चेहऱ्यांवर दिसलं!

मग कात्सुबे-सान उठले. घसा खाकरला. "प्रकाशाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. असा प्रश्न इतक्या तळमळीने हाताळणारी तरुण व्यक्ती आपल्यात आहे, हे आपलं भाग्य. सर्वांना मान्य असेल, तर टाळ्यांनी पाठिंबा द्यावा."

आणि काय टाळ्या हो! पाचव्या मजल्यावरचे सुतो-सान, ज्यांची पाठ दर वसंतात सभेच्या आठवड्यातच धरते, तेसुद्धा ताठ उभे राहून टाळ्या वाजवताहेत! मी कमरेत वाकले, डोळ्यांत पाणी, "आभारी आहे, जिवापाड काम करीन!" टाळ्या आणखी वाढल्या.

लिफ्टमध्ये आईने बटण दाबलं. तिसरा मजला गेल्यावर म्हणाली, "तू हो कशाला म्हणालीस?"

"अगं, प्रकाश येणार ना!"

"प्रकाश कसला? तू अध्यक्ष झालीस."

ऐकू येतंय? मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं! परदेशात राहून कान बिघडतात. तिकडे माणूस "हो" म्हणतो, "नाही" म्हणतो, भांडतो, मग दारू पाजतो. इथे कशासाठी टाळ्या, ते कोणी सांगत नाही, ते माणसाला कळावं लागतं! अध्यक्षपदाची जी पाळी टाळण्यासाठी माणसं पाठ धरून बसतात, ती मी वाकून, आभार मानून घेतली. "आणि प्रकाशाचं?" मी विचारलं. आई म्हणाली, "ते नव्या अध्यक्षांनी विचार करावा, असं ठरलं."

सकाळी उठले तर टपालपेटीत किल्ल्यांचा जुडगा. वर चिठ्ठी, "मनापासून शुभेच्छा." कात्सुबे-सान वरती 'गो'च्या सामन्यात मोकळे! मी तणतणत खाली गेले, सायकली बाजूला केल्या, ते राखाडी कपाट उघडलं. म्हटलं, ज्याच्यासाठी एवढं केलं ते तोंड तरी बघू! तर कोपऱ्यात एक हिरवा दिवा लुकलुकतोय. तो प्रकाश. आणि त्याच्या भोवती टेलिफोनच्या तारा, जुन्या, पिवळट, प्रत्येकीला घराचा नंबर. आमचीही होती. मी तिला शिव्या द्यायला तोंड उघडलं, आणि मनात आलं, या तारबाईने आयुष्यभर आईचं बोलणं मावशीपर्यंत पोचवलं, तासन् तास, एकदाही "ऐकू येतंय का" विचारायला लावलं नाही. टेलिफोनची तार ती! तिला आपण चित्रं ओढायला लावतोय!

धावत वर आले. आईच्या जुन्या टेलिफोनवरचं लेसचं झाकण उडवलं. बेटावर फोन लावला. युझुहाच्या आईने उचलला, मग पायांचा आवाज, मग श्वास. मी ओरडले, "युझुहा! ऐकू येतंय का?"

"सेन्सेई," ती म्हणाली, "ओरडू नका. ऐकू येतंय."

मग तीच म्हणाली, "त्या दिवशी मी बोलले आणि तुम्ही थिजलात. तोंड उघडं. मला वाटलं, रागावलात."

"मी? अगं, मी तर आनंदाने..."

"स्टिकर मीच केलं होतं. तेच सांगत होते." आणि मग काय सुटली ती! मांजर, वाळत घातलेले स्क्विड, शाळेच्या दारातला तो वास, ज्याने पाय पुढे पडत नाही... आई भात वाढून थांबली, भात निवला, तरी ही बोलतेच आहे. कॅमेरा नाही, चेहरा नाही, चक्र नाही!

तिथेच, गार भातासमोर, मी ठरवलं. रोज सकाळी शाळा भरेल, टेलिफोनवर. एका वेळी एक मूल. पांढरा डबा परत, केबल परत.

आई लेसचं झाकण झटकत म्हणाली, "मग तुझ्या त्या प्रकाशाचं काय?"

मी श्वास आत ओढला. स्स्स...

"अध्यक्ष विचार करताहेत."