गुरुवारचा प्रयोग

कुवेतमधल्या फरवानियाच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर रत्नागिरीकडच्या नणंद-भावजय बसल्या होत्या. माझा नंबर पुकारला, तरी मी उठलो नाही. रक्तदाब कुठे पळून जाणार होता?

"झरीनआपा, आत चला. अब्बा तुम्हालाच बोलावतायत."

"आज नाही जायची गो मी. आज गुरुवार."

"परत ते लंडनच्या टीव्हीचं?"

"हसू नको, अफ्रीन. लंडनला बोटीवरची नोकरी सुटली तेव्हा अब्बा तिथल्या टीव्हीवरच्या नाटकांत उभे राहायचे. दर आठवड्याला नवी गोष्ट. रविवारी थेट दाखवायचे, गुरुवारी तीच परत."

"रेकॉर्डिंग लावत असतील."

"तेव्हा कसलं रेकॉर्डिंग! सगळ्यांनी पुन्हा यायचं, आपापल्या जागी उभं राहून पुन्हा करायचं. अब्बांना मरणाऱ्या खलाशाचं काम. रविवारी मेले, गुरुवारी परत मेले."

"त्याचं आता काय?"

"ह्या रविवारी अब्बांचं काळीज थांबलं, तेव्हा खाटेच्या पायथ्याशी मीच होते ना? डॉक्टरांनी परत आणलं. डोळे उघडून पहिलं काय म्हणाले? 'झरीन, गुरुवारी इथेच उभी राहा.'"

"अहो, नव्वदीचा माणूस तो..."

"मी गेलेच नाही तर जागा रिकामी. मग नाटक कसं होईल?"

"बरं, बसा तुम्ही. मीच बघून येते."

गेली तशी ती लगेच परत आली.

"काय गो? झोपलेत?"

"नाही, खुशीत आहेत. नर्सला पायथ्याशी उभं केलंय."

"कशाला?"

"तिला म्हणतायत, 'घाबरू नको बाय. बदली माणूस आम्ही नेहमीच तयार ठेवायचो.'"