बिननावाचा खेकडा

(क्युबाच्या किनाऱ्यावरचं हिबारा गाव. दुपारची वेळ, नुकतीच वीज आली आहे. दुरुस्त करून आणलेला कॉम्प्युटर ओस्नियेलने सोराइदाच्या टेबलावर सुरू केला आहे.)

सोराइदा : ...आणि हे सगळं पिवळंधमक काय? कावीळ झाली का याला?

ओस्नियेल : फोल्डर आहेत ते, मावशी. आतलं सगळं नव्याने टाकलं ना, म्हणून एकसारखे दिसतात.

सोराइदा : मला एकसारखे काय कामाचे? मेंदूला झटका आल्यापासून अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. म्हणून तर माझ्या लेकाने, यांदिएलने, चित्रं लावून दिली होती. किटली दाबली की गाणी, कोंबडी दाबली की मालिका.

ओस्नियेल : लावतोय, तेच लावतोय. ही घ्या किटली.

सोराइदा : ही कुठल्या श्रीमंताची? आमची बुडाला जळलेली आहे. त्याने चुलीवरच फोटो काढला होता तिचा.

ओस्नियेल : तो फोटो गेला, मावशी.

सोराइदा : जाऊ दे. राहू दे हीच. कोंबडी लाव. खेकडा कुठंय?

ओस्नियेल : थोडी कॉफी मिळेल?

सोराइदा : साखर नाही. आणि तू अगदी आईवर गेलायस, गळ्याशी आलं की कॉफी मागायची. काय झालंय ते बोल.

ओस्नियेल : मी घरोघर आठवड्याची डिस्क देतो ना, मालिका-सिनेमांची, तिच्यातून या खेपेला व्हायरस आला. सगळ्या गावात पसरला. तो मेला काय करतो, बिननावाचा फोल्डर बनवून त्यात दडून बसतो. त्यामुळे बिननावाचं काही दिसलं की मी उडवत सुटलोय. हाताला सवयच लागली.

सोराइदा : खेकड्याला नाव नव्हतं.

ओस्नियेल : नव्हतं.

सोराइदा : मीच मागे लागले होते, खालच्या त्या मुंग्या काढ म्हणून. तो हसला. म्हणाला, नाव पुसता येत नाही, रिकामी जागा हेच नाव द्यावं लागतं.

ओस्नियेल : चित्र दिसलं असतं तर हात लावला नसता, मावशी. पण तुमची हार्डडिस्क काढून मी माझ्या मशीनला जोडली होती. तिथे चित्रं येत नाहीत, सगळे पिवळेच दिसतात.

सोराइदा : त्यात त्याचा आवाज होता, ओस्नियेल. हवानाला कामाला होता तेव्हा बोलून पाठवायचा, ते सगळं.

ओस्नियेल : माहीत आहे.

सोराइदा : मग परत आण.

ओस्नियेल : इतके दिवस तेच करत होतो. वीज नाही म्हणून थांबलंय असं सांगितलं ना तुम्हाला, ते खोटं होतं. तुमची गाणी परत मिळाली, मालिकांचे तुकडे मिळाले. ते नाही मिळालं. त्याच जागेवर नवीन लिहिलं गेलंय. तुमच्या फोनमध्ये नसेल का?

सोराइदा : फोन मीच दिला त्याला. तराफ्यावरून अमेरिकेला निघाला, तेव्हा दिशा बघायला. त्याच्यासोबतचे दोघे परत आले, ते म्हणाले, वल्हं वाहून चाललं होतं म्हणून त्याने उडी टाकली. तेव्हा फोन त्याच्या खिशातच होता.

ओस्नियेल : मावशी...

सोराइदा : एका निरोपात तर तो बोलतच नाही. केळी तळतोय, नुसता तेलाचा आवाज. आणि शेवटी म्हणतो, "बघ म्हातारे, करपली." ते लावून मी जेवायला बसायची. आता कशाला बसू?

ओस्नियेल : मला शिव्या द्या. दोन थोबाडीत मारा.

सोराइदा : शिव्या द्यायलाही अंगात जोर लागतो, बाळा. तुम्ही दोघं एका ताटात जेवलात माझ्या घरी. तुला मारून मला काय मिळणार? तोंड आठवतं त्याचं, भिंतीवर फोटो आहे. आवाज आठवायला जातेय, तर तुझाच ऐकू येतोय. गप्प बस जरा.

ओस्नियेल : ...

सोराइदा : नाही येत.

ओस्नियेल : खेकड्याचं चित्र आहे माझ्याकडे. शाळेत आम्ही त्याला खेकडाच म्हणायचो, तेव्हाचं. लावू का? पण दाबलं तर आत काही नसेल.

सोराइदा : लाव.

ओस्नियेल : त्याच्या आवडीचं एखादं गाणं ठेवू आत?

सोराइदा : दुसऱ्या कुणाचा आवाज घालायचा नाही त्यात. रिकामं राहू दे.

ओस्नियेल : बरं. कुठे ठेवू?

सोराइदा : होता तिथे. खाली, डाव्या कोपऱ्यात. आणि मोठा कर. अजून. हां.

ओस्नियेल : झालं. नावाची जागा रिकामी ठेवतो, पूर्वीसारखी. तुम्हाला मुंग्या नकोत.

सोराइदा : नाही. नाव लिही.

ओस्नियेल : पण तुम्हाला वाचता येत नाही, मावशी.

सोराइदा : मला नाही येत. उद्या दुरुस्तीला जो कोणी येईल, त्याला येत असेल.